शेपट्या बघण्याआधी खडकाची बाजू बघा

मायलोनाइटमधल्या (खोलवर घसरताना ताणून बारीक कणांच्या झालेल्या खडकातल्या) फेल्डस्पार या खनिजाच्या ‘डोळ्यां’च्या, म्हणजे डोळ्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या कणांच्या, शेपट्या पाहिल्या की खडक कुठे सरकला ते लगेच कळतं, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे. कुठल्या पृष्ठावर बघायचं, ते आधी सांगायला हवं होतं. लिनिएशनला (खडकातल्या ताणाच्या रेघांना) समांतर आणि फोलिएशनला (खडकातल्या पापुद्र्यांसारख्या पातळ्यांना) काटकोनात असलेल्या पृष्ठावरच त्या शेपट्यांना अर्थ असतो. विद्यार्थी असताना पहिल्याच फील्डवर्कमध्ये मी लिनिएशनला काटकोनातली बाजू बघत अर्धा दिवस घालवला. डोळे सगळे सममित दिसले, म्हणून वहीत ‘दिशा कळत नाही’ असं लिहून मोकळा झालो. सरांनी शेजारचा कोपरा हातोड्याने फोडला, तर नव्या बाजूवर त्याच डोळ्यांच्या शेपट्या सरळ सरळ तिरक्या!

दुसरं म्हणजे नुसतं ‘उजवीकडे सरकला’ लिहून भागत नाही. तोच खडक पलीकडून पाहिला की उजवं डावं होतं. ‘वरचा भाग ईशान्येकडे’ असं लिहावं, आणि नमुना काढण्याआधी त्यावर दिशेची खूण करावी. ती राहिली तर प्रयोगशाळेतला पातळ काप कितीही सुंदर असो, दिशेसाठी निरुपयोगी. शिवाय एकाच डोळ्यावर विसंबू नका. कण जास्त फिरला की शेपट्या त्याच्याभोवती गुंडाळल्या जातात आणि सवय नसलेला माणूस नेमकी उलटी दिशा वाचतो. सोबत अभ्रकाचे मासे (माशाच्या आकाराचे अभ्रकाचे कण) आणि एस-सी रचना (एकमेकींना तिरक्या असलेल्या दोन प्रकारच्या पातळ्या) तपासाव्यात. त्यांचा तर लेखात उल्लेखही नाही.