ताई, काकांच्या गाडीच्या ऑइल गळतीबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिलंय की वडिलांच्या 150 सीसी गाडीच्या गिअरबॉक्सखालून ऑइल गळत होतं, महिन्याभरात दोनदा आमच्याकडे काम करून 1,100 रुपये गेले, तरी दारातल्या फरशीवर डाग पडतोच. आम्ही लोकल सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) घातलं, असंही तुमचं म्हणणं आहे. आणि तक्रार घेऊन आलेल्या काकांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, आमच्याकडे शिकणारा पोरगा म्हणाला, "काका, जुनी गाडी आहे, दोन थेंब पडणारच." गाडी तुम्ही ठेवून गेलात त्याला चार दिवस झाले. ती स्वतः उघडून बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उशीर झाला.

आधी त्या वाक्याचं. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलणं चूक आहेच, पण ते खरंही नाही. या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल असतं. पूर्ण भरलं तर एक लिटर. मी ड्रेन बोल्ट काढून मापात धरलं, तर साडेसहाशे मिली निघालं. बाकीचं त्या "दोन थेंबां"नीच गेलंय. आणि सगळं फरशीवर नाही सांडलेलं. चेनवरून उडून मागच्या टायरच्या डाव्या कडेला काळा पट्टा उमटला होता. काका रोज यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात येतात हे मला माहीत आहे. तो पट्टा बघून माझ्या पोटात गोळा आला. टायर धुऊन, पुसून कोरडा केलाय.

आता चुका, पहिल्यापासून. थेंब गिअर लिव्हरच्या खाली पडत होता, म्हणून पहिल्यांदा गिअर शाफ्टचं सील बदललं गेलं. पण ऑइल जिथून निघतं तिथेच पडत नाही, ते ओघळत सगळ्यात खालच्या कडेला येतं आणि तिथून टपकतं. आधी इंजिन डिझेलने धुवायला हवं होतं. ते मी परवा केलं. हवा मारून सुकवलं, वर साधी टाल्कम पावडर भुरभुरली आणि पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून आलो. कव्हर काढलं तर गिअर शाफ्टभोवती पावडर पांढरीशुभ्र, कोरडी. पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) मागून मात्र एक तपकिरी रेघ खाली आलेली. म्हणजे पहिलं काम फुकट गेलं. त्या सीलला काही झालंच नव्हतं.

दुसऱ्यांदा स्प्रॉकेटमागचं सील बदललं, ते बरोबर होतं. ते मी बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात फिरवून बघितलं. आतल्या रबरी कडेला एक चीर, तांदळाच्या दाण्याहून लहान, डोळ्याला नीट दिसतही नव्हती, नख फिरवल्यावर लागली. शाफ्टच्या टोकाला धारदार दाते असतात. त्यांवर पातळ टेप गुंडाळून, ऑइलचं बोट फिरवून मग सील सरकवायचं असतं. आमच्याकडे ते तसंच उघड्या दात्यांवरून ढकललं गेलं. वर चेन इतकी ताणून ठेवली होती की शाफ्ट एका बाजूला ओढला जात होता. तीही आमच्याच हातची.

लोकल मालाचं तेवढं मान्य नाही, ताई. सील कंपनीचंच आहे, पाकीट आणि बिल दोन्ही दाखवतो. पण कंपनीचं सील चिरून बसवल्यावर त्याचा तुम्हाला काय उपयोग?

आता नवीन सील टेप लावून मी स्वतः बसवलंय. चेन मधोमध बोटाने दाबली तर 25 मिलिमीटरच्या आसपास हलते, तेवढी ढील ठेवलीय. इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत चिखल बसला होता, तोही काढला. ती नळी तुंबली की आतल्या दाबाने ऑइल कुठल्याही सीलमधून वाट काढतं, आणि हे दोन्ही वेळा कुणी बघितलं नव्हतं. ऑइल नवीन भरलंय. याचे पैसे नाहीत. आधीचे 1,100 काल काकांच्या नंबरवर परत पाठवलेत.

एक गोष्ट मात्र तशीच आहे. स्प्रॉकेटमागच्या बेअरिंगला थोडा प्ले आहे, म्हणजे ते किंचित ढिलं झालंय. ते बदलायचं तर अख्खं इंजिन खोलावं लागेल, आणि आज त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. पण सील पुन्हा झिरपायला लागलं तर मूळ तिथे असेल. दर महिन्याला पाच मिनिटं गाडी आणा, मी बघत जाईन.

पोरगा वर्षभर माझ्याकडे शिकतोय. टेप लावायची त्याला मी दाखवली नव्हती, आणि काम झाल्यावर तपासलंही नाही, ही जबाबदारी माझी. गाडीखाली दोन रात्री पांढरा पुठ्ठा ठेवलाय, अजून कोरडा आहे. तिसरी रात्र जाऊ द्या, मग गाडी न्या. येताना काकांना घेऊन या, त्यांची माफी मला समोर मागायची आहे.