पायाभोवती सिमेंट भरले की घर खचायचे थांबते का?

काळ्या मातीवर घर असलेल्यांपर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो: भिंतींना तिरके तडे गेले, तर जोत्याभोवती भोके पाडून दाबाने सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट) भरावी, माती दगडासारखी होते, खचलेला कोपरा वर येतो आणि पुन्हा काळजी राहत नाही.

माती दगडासारखी होते, हे काळ्या मातीबाबत खरे नाही. वाळूत किंवा सैल मुरुमाच्या भरावात पोकळ्या मोठ्या असतात आणि तेथे ग्राउटिंग, म्हणजे अशी स्लरी दाबाने भरणे, खरोखर उपयोगी पडते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण मात्र २ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक आणि सिमेंटचे बहुतेक कण त्याच्या कितीतरी पट मोठे, त्यामुळे स्लरी मातीत मुरत नाही, उन्हाळी भेगांतून किंवा दाबाने फाटलेल्या वाटांनी पसरते, आणि मधली माती पूर्वीसारखीच पाण्याने फुगत व सुकल्यावर आकसत राहते. काहीजण सिमेंटऐवजी चुना सुचवतात. चुन्याने ही माती सुधारते हे मान्य, पण रस्त्याच्या कामात तो मातीत नीट कालवून वर रोलर फिरवतात. उभ्या घराखाली हे कसे करणार? भोकात ओतलेला चुना भोकाच्या आसपासच राहतो.

कोपरा वर येण्याची खात्रीही कोणी देऊ नये. इटलीतील पिसाच्या झुकत्या मनोऱ्याच्या पायात १९३०च्या दशकात सिमेंट भरले गेले, तेव्हा तो आणखी झुकला. पुढे १९९९ ते २००१ या काळात उंच राहिलेल्या उत्तर बाजूखालची माती थोडी थोडी काढल्यावर कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला.

‘पुन्हा काळजी नाही’ हे आश्वासन मला सर्वांत घातक वाटते, कारण येथे दुखणे बहुधा पाण्याचे असते: गळका चेंबर, जोत्यालगत मुरणारे पागोळ्यांचे पाणी, भिंतीजवळचे मोठे झाड. हे तसेच राहिले तर साठवलेला पैसा जमिनीत जातो आणि तडे परत येतात. म्हणून आधी तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून वर्षभर दर महिन्याला अंतर मोजावे. ते मे महिन्यात वाढून पावसाळ्यात कमी होत असेल, तर माती ऋतूनुसार हलते आहे असे समजून गळती व निचरा सुधारावा, जोत्याभोवती उताराची फरसबंदी करावी. एकाच दिशेने वाढत राहिले, तर माती परीक्षण करून घ्यावे आणि पायाचा भार खालच्या पक्क्या थरावर नेता येईल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे.