एकतारी पाक आणि समोरच्या दारातला बसबुसा

शेजारून आलेली ताटली रिकामी परत करायची नसते, हा संस्कार आईने साताऱ्यात आमच्यावर केला, तेव्हा तो पुढे शारजातल्या सहाव्या मजल्यावर मला भोवेल अशी तिला कल्पना असण्याचे कारण नव्हते. 2024 च्या रमजानमध्ये समोरच्या दारातल्या मिसरी काकूंनी (इजिप्तला अरबी लोक मिसर म्हणतात आणि इतकी वर्षे इथे काढल्यावर आम्हीही तसेच म्हणतो) रोजा सोडण्याच्या जरा आधी मुलाच्या हाती एक ताटली पाठवली. तीत शंकरपाळ्याच्या आकाराचे, पण त्याच्या चौपट मोठे, तांबूस तुकडे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक बदाम रुतवलेला होता आणि बोटाने जरा दाबले की आतला पाक वर येत होता. पहिला तुकडा तोंडात टाकताच मी जाहीर केले, "अगं, हा तर रवा आहे!"

एवढे बोलून मी थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु ज्याचे बालपण शिरा, सांजा, उपमा आणि रव्याचे लाडू यांवर पोसले गेले आहे, त्याला परमुलखात रवा भेटला की गाववाला भेटल्यासारखे होते आणि जीभ सैल सुटते. "यात काय अवघड आहे? मी करतो," असे मी म्हणालो. "करा की. ताटली परत द्यायचीच आहे," असे पत्नी म्हणाली. मिसरी माणसाला बसबुसा करून पाठवणे म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा पाठवण्यासारखे आहे, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. म्हणजे तिच्या आले असावे, पण ती बोलली नाही.

कृती विचारायला गेलो तेव्हा काकूंनी ती दारातच सांगितली. निम्मी अरबीत, थोडी इंग्रजीत आणि उरलेली हातवाऱ्यांनी. या पदार्थाला त्यांच्याकडे बसबुसा म्हणतात, अलेक्झांड्रियात हरीसा, लेबनॉनमध्ये नमूरा आणि तुर्कस्तानात व ग्रीसमध्ये रेवाणी. ट्युनिशियात मात्र हरीसा मागितला तर समोर लाल मिरचीची झणझणीत चटणी येते, तेव्हा प्रवासात जपून. बसबुसा या नावाच्या मुळाशी पीठ तुपात कालवणे अशा अर्थाचे अरबी क्रियापद आहे. म्हणजे नावातच कृती सांगितली आहे: रव्याला तूप चोळायचे. भाजायचे नाही. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, याची येथे नोंद करून ठेवतो.

पहिली अडचण ओव्हनची निघाली. आमच्या चार शेगड्यांच्या खाली ओव्हन आहे, आणि मी पाहिलेल्या इथल्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे आमच्याही ओव्हनमध्ये कढया, तवे, आप्पेपात्र आणि कुकरची जास्तीची भांडी राहतात. ती सारी मंडळी बाहेर काढून सोफ्यावर बसवली. दिवाळीपासून ज्याच्यावरून घरात अबोला होता तो चकलीचा सोऱ्याही तिथेच सापडला. काकूंनी 180 अंशांवर पाऊण तास सांगितले होते. परंतु आमच्या ओव्हनच्या बटणावरचे आकडे पुसून पुसून गेलेले असल्यामुळे 180 अंश म्हणजे घड्याळात साधारण किती वाजता, एवढाच अंदाज बांधणे शक्य होते.

साहित्य साधे आहे: दोन कप जाडा रवा, एक कप साखर, अर्धा कप तूप, एक कप दही, चमचाभर बेकिंग पावडर. अंडे नाही. हे ऐकून व्हिडिओ कॉलवर असलेली आई खूश झाली आणि तिने पहिला प्रश्न केला, "रवा भाजलास ना रे? कच्चा रवा पोटात फुगतो."

एका बाजूला मिसरी काकूंची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला आई. मी रवा भाजला. चांगला खमंग, तांबूस होईपर्यंत भाजला. त्यानंतर सारे साहित्य नुसते ओलसर होईल एवढेच हलवायचे असताना, मेहनतीत कसूर नको म्हणून मी ते पंधरा मिनिटे फेसले. मग रवा मुरायला हवा या न्यायाने झाकून दोन तास ठेवले. तेवढ्यात रव्याने सारे दही पिऊन टाकले आणि झाकण काढले तेव्हा पातेल्यात गिलाव्याला कालवलेल्या मालासारखे काहीतरी होते. ताटाला आतून तिळाची ताहिनी चोळायची असते. ताहिनी नव्हती, म्हणून तूप लावून वर तिळकूट भुरभुरवले. तिळकुटात लसूण होता हे नंतर कळले.

पण खरा घात पाकाने केला. पाक म्हटला की माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांकडे सरकतात. लहानपणी आईच्या शेजारी उभे राहून मी ते पाहिलेले आहे: उलथन्याच्या टोकावरचा थेंब बोटावर घ्यायचा, फुंकर घालायची, चिमूट मिटून उघडायची आणि मध्ये एक तार न तुटता उभी राहिली की गॅस बंद करायचा. रव्याच्या लाडवांचे सारे भवितव्य त्या तारेवर लोंबत असते. काकूंनी मात्र दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, अर्धे लिंबू आणि दहाच मिनिटे उकळणे, असे सांगितले होते. तार तर नाहीच, तारेचा उल्लेखही नाही. बिचाऱ्यांना तार माहीत नसावी, असे मला वाटले. मी पाक व्यवस्थित एकतारी केला, आणि पाकात लिंबू कशाला, म्हणून ते पिळून सरबत करून प्यालो.

नंतर कळले ते असे. लिंबातल्या आम्लाने साखरेचा काही भाग फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही दोघे मध्ये लुडबुड करत असल्यामुळे साखरेचे कण पुन्हा एकत्र येऊन खडे धरत नाहीत. लाडवाच्या पाकाने थंड होऊन घट्ट धरावे अशी आपली अपेक्षा असते. बसबुशाच्या पाकाने जन्मभर वाहते राहावे अशी त्यांची. मी एकतारी पाक ताटावर ओतला तेव्हा तो खाली उतरलाच नाही. वरच बसून राहिला आणि अर्ध्या तासात त्याचे पांढरेशुभ्र कवच तयार झाले. त्या बर्फाखालून बदाम अंधुक दिसत होते. भाजण्यापूर्वी सुरीने पाडलेल्या चौकटी बुजून गेल्या होत्या. सुरी चालेना, म्हणून उलथने घेतले, उलथने वाकले, म्हणून नारळ फोडायचा कोयता काढला. तेव्हा खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला ठोकले.

दुसऱ्या ताटाची हकिगत थोडक्यात उरकतो. त्या वेळी लिंबू घातले, परंतु केक गरम असेल तर पाक गार हवा, ही अट विसरून उकळता पाक ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या ताटावर ओतला. "शिरा मस्त झालाय," असे मुलगा म्हणाला.

पहिल्या ताटाचे तुकडे पत्नीने शांतपणे मिक्सरमधून काढले, उरलेला एकतारी पाक गरम करून त्यात घातला, वेलदोडा कुटून टाकला आणि त्याचे सुबक लाडू वळले. लसणाचा वास तिने खालचा थर खरवडून काढून घालवला होता. त्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला आणि ईद दुसऱ्याच दिवशी होती. पाडव्याच्या संध्याकाळी लाडवांनी भरलेली ताटली समोरच्या दारात गेली आणि मी सुटलो, असे मला वाटले.

ईदच्या तिसऱ्या दिवशी काकू स्वतः आल्या. लाडू घरात सर्वांना फार आवडले होते आणि त्यांना ते शिकायचे होते. पत्नीने पाकाची तार दाखवली. काकूंनी अंगठा आणि तर्जनी जुळवून, उघडून, पुन्हा जुळवून पाहिली आणि यात काय अवघड आहे, अशा अर्थाचे काहीतरी अरबीत म्हणाल्या. तो सूर माझ्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्नीला बोलावून नेले. पातेल्यात भाजलेला रवा पाकात निवांत पोहत होता आणि काकू कोपरापर्यंत चिकट हातांनी त्याचे गोळे वळत होत्या. प्रत्येक गोळा ताटात ठेवला की पसरून भाकरीसारखा सपाट होत होता. पत्नीने हळूच विचारले, "लिंबू घातले का?" काकूंनी अभिमानाने सांगितले की घातले, एरवी अर्धे घालतात, पण शेजाऱ्यांची मिठाई म्हणून पूर्ण घातले.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. या वेळी ताटली नव्हती, वाडगा होता, आणि त्यात चार चमचे उभे होते. तो वाडगा धुऊन ओट्यावर पालथा ठेवला आहे. पत्नीचे म्हणणे आहे की आता त्यात विकतच्या काजूकतल्या घालून देऊ.