अनामिक यांना उत्तर: निळे डोळे, तिसरा सीझन वगैरे

अनामिक,

‘प्रिय’ लिहिलं होतं, मग काढलं. का ते पुढे कळेल.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. ‘धन्यवाद, मतभेदांचा आदर आहे’ असं लिहून मोकळी होणार होते, पण झोप लागेना. म्हणून हे लांबण. बाकीच्यांसाठी आधी संदर्भ देते. गेल्या आठवड्यात मी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेवर लिहिलं होतं. मालिका चालू असताना पुढे काय होणार याचे चाहत्यांनी जे तर्क लढवले, त्यातले कुठले लागले, कुठले फसले, आणि शेवटी शेवटी त्या तर्कांना चकवण्याच्या नादात मालिकाच कशी आडरानात शिरली, असा तो लेख. त्यावर अनामिक म्हणतात की यातला एकही तर्क माझा नाही, सगळा परदेशी फोरमवरचा माल आहे. जेमी लॅनिस्टर हाच भाकितातला तारणहार, अझोर अहाय, निघणार असं मी २०१७ साली छातीठोकपणे लिहिलं होतं, त्यावर आता चकार शब्द नाही. भविष्य पाहणारी पुजारीण मेलिसांड्रे स्टार्क घराण्यातल्या आर्याला डोळ्यांबद्दल सांगते तो प्रसंग मी दुसऱ्या सीझनमधला म्हटलंय, तो तिसऱ्यातला आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: “खरं सांगू का ताई, ज्यांना गोष्ट ऐकता येत नाही, तेच पुढचं ओळखत बसतात.”

सीझनची चूक मान्य. साफ चूक. तिसऱ्या सीझनचा सहावा भाग आहे तो, २०१३ सालचा. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही म्हणालात म्हणून रात्री एक वाजता तो भाग परत काढून पाहिला, त्याबद्दल खरोखरच आभार. त्यातून एक गोष्ट हाती लागली, तिच्याकडे येते.

आधी त्या शेवटच्या वाक्याकडे. ‘खरं सांगू का’ म्हणून कुणी मला आजवर चांगलं काही सांगितल्याचं आठवत नाही. आणि ‘ताई’! माझ्या लेखाखाली पुरुष वाचक एकमेकांशी भांडतात तेव्हा ‘सर’ असतात, ‘साहेब’ असतात, निदान ‘मित्रा’ तरी. माझी चूक दाखवायची वेळ आली की मी लगेच ताई होते. नाव न सांगणाऱ्याने नातं सांगू नये, एवढीच विनंती.

आता गोष्ट ऐकता येण्याबद्दल. कॉलेजात असताना मी दोन वर्षं डोंबिवलीतल्या एका वाचनालयात संध्याकाळी काउंटरवर बसायचे. पगार बसच्या पासाला पुरेल इतका, पण पुस्तकं फुकट. तिथे एक सभासद होते, ते रहस्यकथा परत करताना पहिल्या पानावर कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचे. का, देव जाणे. माझ्याकडे खोडरबर असायचा, पुस्तक आलं की आधी तो कोपरा साफ करायचा हे माझं काम. खोडताना नाव वाचलं जायचंच. एका कादंबरीच्या कोपऱ्यात त्यांनी ‘वहिनी’ लिहिलं होतं. मी ती कादंबरी रात्रभर त्या वहिनीवर नजर ठेवून वाचली. ती चहा कुणाला आधी देते, किल्ल्यांचा जुडगा कुठे ठेवते, दिवे गेले तेव्हा नेमकी कुठल्या खोलीत होती, सगळं. आणि खून केला होता दिवाणजींनी! गृहस्थांनी चुकीचं नाव लिहिलं होतं, मुद्दाम की घाईत ते त्यांनाच ठाऊक. पण इतकं बारकाईने मी त्याआधी काही वाचलं नव्हतं. दिवाणजी कुठे कुठे सटकले तेही मग दुसऱ्यांदा वाचताना दिसलं. तेव्हा, कोण काय ऐकत असतं हे मला सांगू नका. मी काउंटरच्या मागून वाचक पाहिले आहेत.

बरं, माझं राहू द्या. जॉन स्नोचं घ्या. मालिका ज्या कादंबऱ्यांवरून केली, त्यातलं पहिलं पुस्तक आलं १९९६ साली. जॉन हा नेड स्टार्कचा, म्हणजे आर्याच्या वडिलांचा, अनौरस मुलगा, असं ते पुस्तक तुम्हाला पहिल्यापासून ऐकवतं. तुमच्यासारखे ‘ऐकणारे’ ते ऐकतात आणि पुढे जातात. पण त्याच पुस्तकात नेडला एक स्वप्न पडतं. युद्ध संपलंय. वेडा राजा मेला, त्याचा थोरला मुलगा ऱ्हेगारही मेला. राणी धाकट्या राजपुत्राला घेऊन ड्रॅगनस्टोनला गेलीय. आणि नेड सहा सोबत्यांना घेऊन लांब दक्षिणेतल्या एका बुरुजापाशी पोचतो, तर तिथे राजाचे तीन अंगरक्षक उभे. तिघेही नावाजलेले. नेड त्यांना विचारतो की तुम्ही इथे कसे, तुम्ही ड्रॅगनस्टोनला असाल असं मला वाटलं होतं. ते धड उत्तर देत नाहीत, तलवारी उपसतात. सातांतले दोन जिवंत राहतात, तिघांतला एकही नाही. वर खोलीत नेडची बहीण लियाना मरायला टेकलेली असते, आणि तिने घेतलेलं वचन नेड पुढे पुस्तकभर आठवत राहतो. काय वचन, ते सांगत नाही.

आता ओळखत बसणारे काय करतात? ते एवढंच विचारतात की ज्यांचं काम राजाला राखणं, ते तिघे बुरुजाशी कुणाला राखत होते? लियानासाठी तिघे कशाला? मग आत आणखी कोण होतं? एकदा हा प्रश्न पडला की लियानाचे निळे गुलाब, ते वचन, हे सगळं आपोआप जागेवर बसतं. ऱ्हेगार आणि लियाना यांचा मुलगा म्हणजे जॉन. मालिकेने हे जून २०१६मध्ये, सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात दाखवलं. बाळाच्या चेहऱ्यावरून कॅमेरा थेट जॉनच्या चेहऱ्यावर. (मी तो भाग कुठे पाहिला ते विचारू नका, त्या दिवसांत सगळ्यांनी तिथेच पाहिला.) वीस वर्षं जुना तर्क, मला तो पाठ होता, तरी अंगावर काटा आला. माहीत होतं म्हणूनच आला असेल.

आणि गंमत पाहा. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस ही मालिका करायची म्हणून लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना भेटायला गेले, तेव्हा मार्टिननी त्यांना विचारलं होतं: जॉन स्नोची आई कोण? दोघांनी बरोबर ओळखलं. हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. म्हणजे ज्यांनी ही गोष्ट तुम्हाला दाखवली तेही ओळखत बसलेलेच होते हो. त्यांनाही गोष्ट ऐकता येत नव्हती का? शेवटच्या दोन सीझनबद्दल विचाराल तर, बरं, जाऊ दे.

आता रात्री एक वाजता सापडलेली गोष्ट. तिसऱ्या सीझनमध्ये मेलिसांड्रे आर्याची हनुवटी धरते आणि म्हणते की तुझ्यातल्या अंधारातून मला डोळे दिसतायत: तपकिरी, निळे, हिरवे. तू कायमचे मिटवशील असे. तेव्हा आम्ही सगळे हिरव्या डोळ्यांना धरून बसलो, कारण हिरवे म्हणजे राणी सर्सी. आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागात, स्टार्कांच्या गढीपाशी, विंटरफेलला झालेल्या लढाईत, तीच मेलिसांड्रे तेच डोळे पुन्हा मोजते. पण कसे? तपकिरी, हिरवे, आणि निळे. निळे शेवटी गेले! मधे होते ते उचलून टोकाला नेऊन ठेवले, म्हणजे प्रेक्षकाने ‘अच्छा, नाइट किंग!’ (मढ्यांच्या फौजेचा निळ्या डोळ्यांचा म्होरक्या) म्हणावं. तोच भाग आला तेव्हा बेनिऑफनी सांगितलं होतं की नाइट किंगला आर्या मारणार हे त्यांनी साधारण तीन वर्षांपूर्वी ठरवलं. २०१९मधून तीन वजा करा. २०१३ साली ते निळे डोळे कुणाचेच नव्हते. गाठ मागाहून मारली आणि धागा पहिल्यापासून होता असं भासवलं. आर्याच का, तर त्या क्षणी तिचा विचार आपल्या मनात नसेल म्हणून, हेही त्यांनीच सांगितलं. जॉन सगळ्यांना अपेक्षित होता, म्हणून जॉन नको.

माझ्या लेखाचा मुद्दा हा होता, अनामिक. प्रेक्षकाने ओळखू नये म्हणून उत्तर बदललं की आधी पेरलेल्या खुणा खोट्या पडतात. मार्टिन २०१४ साली एडिंबराच्या पुस्तक महोत्सवात हेच बोलले होते. एखाद्-दोन वाचकांनी शेवटाचा बरोबर माग काढलाय, मग आता शेवट बदलायचा का, असा पेच त्यांना पडला होता, आणि नाही बदलायचा असं त्यांनी ठरवलं, कारण आधीच्या पुस्तकांतल्या खुणांचं काय करायचं? त्यांचं पुढचं पुस्तक मात्र अजून आलेलं नाही. त्यावर मी काही बोलणार नाही, माझं वय होत चाललंय.

तो तिसरा भाग आपल्याकडे कधी लागला आठवतंय? २९ एप्रिल २०१९, सोमवार, सकाळी साडेसहा, हॉटस्टारवर. आमच्याकडे त्याच दिवशी लोकसभेचं मतदान होतं. सुट्टी होती म्हणून डब्याची घाई नव्हती, पण पोळ्या होत्याच. मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. भाग इतका काळोखा की ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही मला त्यात मागची ट्यूबलाइट आणि माझा स्वतःचा चेहरा दिसत होता. लढाई चालू आहे हे आवाजावरून कळत होतं. दोन पोळ्या करपल्या. मग नऊ वाजता मतदानाच्या रांगेत उभी राहिले तर पुढे दोन मुलं, पहिल्यांदाच मत देणारी असावीत, हातात व्होटर स्लिपा. एकाने पाहिलं होतं, दुसऱ्याने नाही.

“आर्यानं मारला त्याला.”

“काय सांगतोस! कसं काय?”

“उडी मारली मागून.”

“अरे पण एवढ्या मढ्यांमधून आली कुठून ती?”

“आली कुठूनतरी.”

रांग पुढे सरकली. बोटाला शाई लावून घेऊन मी घरी येईपर्यंत ते ‘आली कुठूनतरी’ माझ्या डोक्यात होतं. जॉनच्या आईबद्दल कुणी ‘कसं काय’ विचारलं असतं तर रांग संपून मतदान केंद्र बंद झालं असतं तरी माझं सांगून झालं नसतं. आणि इथे, आठ वर्षं ज्या संकटाची भीती घातली त्याच्या शेवटाबद्दल, ज्याने तासाभरापूर्वी पाहिलंय तो मुलगा एवढंच सांगू शकत होता. त्याचा दोष नव्हता.

तर, गोष्ट कुणाला ऐकता येत नाही?

जेमीबद्दल: चुकले. लिहिलं होतं, चुकले, संपलं. चकार शब्द नाही म्हणता, तर हा घ्या शब्द. अझोर अहाय कोण याचं उत्तर मालिकेने दिलंच नाही, त्यामुळे मी एकटीच चुकले असं म्हणायलाही जागा नाही, पण तो वाद आज नको.

परदेशी मालाबद्दल: हो, वाचायचे. ऑफिसातून आल्यावर रात्री अकरानंतर, वही घेऊन. दोनशे पानी वही आहे, अजून कपाटात आहे. त्यातला माझा स्वतःचा म्हणावा असा तर्क एकच. होडोर हा स्टार्कांचा नोकर, तोंडात ‘होडोर’ एवढा एकच शब्द. त्याने विंटरफेलच्या तळघरातल्या थडग्यांपाशी लहानपणी काहीतरी पाहिलं आणि त्याची वाचा गेली, असा. मे २०१६मध्ये तो दार धरून उभा राहिला, आणि त्याचं नाव त्या दारापाशीच तयार झालं होतं हे कळलं, तेव्हा मी ते पान खोडलं नाही. समासात फक्त ‘नाही’ लिहिलं आणि बराच वेळ रडले. मालाचं मूळ कुठलं हे विचारणाऱ्यांनी आपलाही एखादा नमुना दाखवावा. चुकलेला चालेल.

तुमच्या प्रतिक्रियेत स्पॉयलरबद्दलही एक ओळ आहे. मालिका संपून इतकी वर्षं झाल्यावर तिला उत्तर द्यायचं मला कारण दिसत नाही.

थोडं जास्त बोलले असेन. उकाडा आहे, आणि ते वाक्य लागलं, हे लपवत नाही. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात आणि सीझनची चूक पकडलीत, म्हणजे बारकाईने वाचता. तेवढ्यासाठी वरचं ‘प्रिय’ परत घालावं असंही एकदा वाटलं.

दुसरा सीझन काढून तिसरा केला आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तशीच ठेवली आहे, ‘ताई’सकट.