वेळ सोडून सगळं सांगणारं घड्याळ

अभिनंदन. गृहकर्जाचे शेवटचे चार-सहा हप्ते राहिलेत, मुलगी बाहेरगावी शिकायला गेलीय, गुडघे अजून कुरकुरत नाहीत, आणि परवा लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या मनगटाकडे पाहून तुमच्या पोटात काहीतरी हललं. ते पित्त नव्हतं. तुम्हाला घड्याळ हवंय.

घड्याळ तुमच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. ते वेळ बघायचं. आपण मनगटात घालायच्या घड्याळाबद्दल बोलतोय. झाक सेगेला नावाचे एक फ्रेंच जाहिरातवाले 2009 मध्ये टीव्हीवर बोलून गेले की, पन्नाशीपर्यंत माणसाकडे रोलेक्स नसेल तर त्याचं आयुष्य वाया गेलं. त्यावर तिकडे बरीच छीथू झाली. छीथू करणाऱ्यांनीही तेव्हा आपापल्या मनगटाकडे एकदा पाहून घेतलं असेल, असा माझा आपला अंदाज.

तर सुरुवात करू. पहिल्यांदा अचूकपणाचं खूळ डोक्यातून काढा. जपानच्या सेकोने 25 डिसेंबर 1969 रोजी क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं अचूक, पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि स्वित्झर्लंडमध्ये अचूक वेळ विकून पोट भरणाऱ्या हजारो कारागिरांच्या नोकऱ्या पुढच्या काही वर्षांत गेल्या. जे तगले त्यांनी वेळ विकणं सोडून दिलं. आज अचूकपणाचं सरकारमान्य प्रमाणपत्र मिरवणाऱ्या स्विस क्रोनोमीटरला दिवसाला 4 सेकंद मागे नाहीतर 6 सेकंद पुढे जायची मुभा आहे. तुमच्या वॉचमनच्या हातातला प्लॅस्टिकचा कॅसिओ महिन्याकाठी अर्ध्या मिनिटाच्या आत राहतो आणि एका सेलवर सात वर्षं काढतो. म्हणूनच तो वॉचमनच्या हातात आहे. चूक परवडणं ही श्रीमंती. कुणी विचारलंच तर सेकंदकाटा दाखवा. टकटक करत नाही, सरकतो. 'बघा, सरकतो' एवढं म्हणून गप्प राहायचं.

आता किमतीचं. ऑडेमार पिगे कंपनीने 1972 मध्ये रॉयल ओक काढलं. अष्टकोनी कडं, त्यावर उघडेबोडके आठ स्क्रू, आणि अंगभर स्टील. किंमत मात्र तेव्हाच्या कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त. लोक हसले, मग रांगेत उभे राहिले. हे घरी समजावताना जपून. आपल्या आज्यांनी बोहारणीला दोन जुन्या पँटी आणि एक साडी देऊन स्टीलचं पातेलं घेतलं आहे, तेही झाकणासकट, तासभर घासाघीस करून. स्टीलची किंमत म्हणजे काय, हे त्या पिढीला पक्कं ठाऊक आहे. तिच्यापुढे आकडा काढू नका. 'ऑफिसातून मिळालं' म्हणा.

पैसे जमले म्हणजे घड्याळ मिळालं असं नाही, हे नवख्यांना कळत नाही. काचेपलीकडे जे दिसतं ते फक्त दाखवायला असतं. मऊ आवाजाची मुलगी तुम्हाला एस्प्रेसो देईल, तुमच्या आवडीचं नाव लिहून घेईल आणि आधी आमच्याकडून काय काय घेतलंत, असं विचारेल. म्हणजे हवं ते मिळण्यासाठी आधी नको ते घ्यायचं. यात अपमान वाटून घेऊ नका. तुमच्या वडिलांनीही चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. त्याला तेव्हा टंचाई म्हणत, आता एक्सक्लुझिव्हिटी म्हणतात. वडिलांना कॉफी मिळाली नव्हती, एवढाच फरक. एक बरं आहे. दहा लाखांच्या वरचं घड्याळ घेतलंत, तर एप्रिल 2025 पासून दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्याच नावावरचा आगाऊ कर, वसूल करून प्राप्तिकर खात्याला कळवतो. इतक्या खर्चानंतर निदान एका जाणकाराने तरी दखल घेतली, याचं समाधान मिळतं.

पाटेक फिलिप या स्विस कंपनीकडे गेलात तर गोष्ट आणखी वरच्या पायरीवरची. त्यांची 1996 पासूनची जाहिरात सांगते की, तुम्ही या घड्याळाचे मालक होतच नाही, पुढच्या पिढीसाठी फक्त सांभाळता. पैसे भरायचे आणि मालक व्हायचं नाही. गिरगाव-दादरच्या माणसाला यात नवं काय वाटणार? आपल्याकडे याला पागडी म्हणतात.

मग येतो आवडीचा प्रश्न. आवड स्वतःची असावी, याबद्दल सगळ्या शौकिनांचं एकमत आहे, आणि ती कुठली असावी याबद्दलही. पाणबुड्यांचं घड्याळ घ्या. 300 मीटर खोल पाण्यात टिकतं, फक्त आंघोळीला जाताना काढून कपाटात ठेवायचं आणि विसर्जनाला न्यायचं नाही. रिव्हर्सो नावाचं घड्याळही चालेल. 1931 चं डिझाइन, हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून तबकडी उलटी फिरवायची सोय केलेली. तुमचा पोलोशी संबंध टी-शर्टपुरता असला तरी हरकत नाही, मीटिंगमध्ये कंटाळा आला की उलटसुलट करता येतं.

पण माझं ऐकाल तर जीएमटी घ्या. हे खरं आपल्या पिढीचं घड्याळ. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने पन्नासच्या दशकात बनवलं, एकाच वेळी दोन देशांची वेळ दाखवणारं. मुलगा न्यू जर्सीत, तुम्ही कोथरूडला. याहून चांगलं कारण बायकोला कुठलं देणार? मात्र एक किरकोळ अडचण आहे. त्यात तासाचे काटे दोन असले तरी मिनिटकाटा एकच, आणि आपली वेळ जगाशी अर्ध्या तासाने फटकून. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तो अर्धा तास स्विस यंत्रात बसत नाही. तो तुम्ही मनातल्या मनात धरायचा. म्हणजे दहा लाखांच्या घरातलं घड्याळ बघून झालं की बोटं मोजायची आणि मग मुलाला फोन लावायचा. तो म्हणेल, 'बाबा, इकडे पहाटेचे चार वाजलेत.'

दाखवायचं कसं, हा मराठी माणसाचा खरा पेच. साधी राहणी आपल्या हाडात मुरलेली, त्यामुळे मिरवलं तर 'चढलाय' म्हणतात आणि लपवलं तर पैसे पाण्यात. बाही अशी बेताची असावी की चहाचा कप उचलला की दिसेल, ठेवला की झाकेल. चहा जास्त प्या. आणि आसपासच्या टेबलांवर लक्ष ठेवा. रशियन चर्चच्या धर्मगुरूंच्या फोटोतून त्यांच्या मनगटावरचं ब्रेगे कंपनीचं महागडं घड्याळ पुसून टाकलं होतं, पण गुळगुळीत टेबलात पडलेलं त्याचं प्रतिबिंब पुसायचं राहून गेलं. 2012 मध्ये ते जगाने पाहिलं आणि चर्चला माफी मागावी लागली. लपवायचंच असेल तर सनमायका खरखरीत निवडा. जाता जाता एक: आपल्या राज्यात 'नवीन घड्याळ घेतलं' असं नुसतं जाहीर करू नका, लोक आधी कुठल्या गटाचं ते विचारतात.

फर्स्ट कॉपीच्या वाटेला जाऊ नका, असं सांगणं माझं कर्तव्य आहे. ती ओळखता येते म्हणून नव्हे, ओळखता येत नाही म्हणून. चार हजारांत तेच कौतुक मिळतं हे एकदा कळलं की मग फार त्रास होतो.

बजेट अगदीच तोकडं असेल तर वडिलांचं एचएमटी जनता शोधा. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं, रोज सकाळी चावी द्यायचं. दहावीला मिळालेलं ते घड्याळ तुम्ही पंचवीस वर्षं ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि रेशनकार्डाखाली ठेवलंत; आता ते व्हिंटेज झालंय. विकत घेत असाल तर तबकडी नीट बघा. जुन्या घड्याळाला भडक नवा रंग फासून विकलेल्या मालाला परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. शहराचं नाव कशाकशाने होतं!

शेवटी प्रत्यक्ष प्रसंगाची तयारी. भाच्याचं लग्न, मंगल कार्यालय, मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा. बुधवारी कपाटात ठेवलेलं, सेल नसलेलं, हात हलला तरच चावी बसणारं घड्याळ तुम्ही रविवारी सकाळी घाईत चढवलंय. अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत घामेजलेल्या, आणि गुरुजी नेमके तुमच्याकडे वळतात. 'काका, किती झाले?' बाही मागे सारायचा हाच तो क्षण. तुम्ही सारता. शुक्रवारी कधीतरी, चार वाजून वीस मिनिटांनी, ते थांबलेलं असतं. गुरुजी उपरण्याआडून मोबाइल काढतात.

शेजारची मावशी मात्र मनगटावरून नजर काढत नाही.

'छान आहे रे. टायटन ना? आमच्या ह्यांनाही बँकेने दिलं होतं रिटायर होताना.'

हो म्हणा.

'बंद पडलंय वाटतं. लक्ष्मी रोडला कोपऱ्यावर एकजण बसतो बघ, शंभर रुपयांत सेल टाकून देतो.'