‘काय दिवे लावणार?’ या प्रश्नाला उत्तर

‘एक कास्तकार’ या नावानं लिहिणाऱ्या भाऊंना,

फौजेतून आल्यावर माणसानं शिकावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिता, ‘पेन्शन खाऊन उपदेश करणं सोपं आहे. चाळिशीला टेकलेला माणूस पोरांच्या बाकावर बसून काय दिवे लावणार? त्यापेक्षा वावर पाहावं. आणि फौजेच्या पदवी प्रमाणपत्राबद्दल तुमची माहिती चुकीची आहे.’

शेवटचं आधी घेतो. ती चूक माझीच. दहावी पास जवानाला १५ वर्षांच्या नोकरीवर मिळणारं ते प्रमाणपत्र केंद्राच्या गट ‘क’मधल्या तांत्रिक नसलेल्या पदांना चालतं. ‘कुठंच चालत नाही’ असं मी लिहायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण मत पटलं नाही म्हणणं वेगळं आणि टोचून बोलणं वेगळं. तेही नाव झाकून! ‘काय दिवे लावणार’ हे वाक्य मी रात्री चारदा वाचलं.

१७ वर्षं नोकरी करून ३६व्या वर्षी मी बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावी आलो. सहा महिन्यांत एका बँकेच्या दारावर बारा बोअरची बंदूक घेऊन उभा होतो. पलटणीत कोत, म्हणजे हत्यारांचं कोठार, माझ्याकडे होती. शंभरावर हत्यारांचा हिशेब, एक पुर्जा इकडचा तिकडे झाला नाही. तालुक्यातल्या एका खासगी गोदामात स्टोअरकीपरची जागा निघाली तेव्हा गेलो, तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘पदवी आहे का?’ फौजेचा कागद त्यांनी उलटूनही पाहिला नाही.

म्हणून मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पेपर मे महिन्यात, वर टिनाचं छत. बाक इतका अरुंद, की गुडघे खालच्या फळीला लागत. तासाभरात बोटं आखडली, घामानं पेन निसटायला लागला. शेजारच्या बाकावरच्या विशीतल्या पोरानं काही न बोलता स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. ते पोरगं हसलं नाही. तुम्ही हसलात.

बी.ए. झालो. आज एका गोदामाचा सगळा हिशेब माझ्या सहीनं चालतो.

वावराचं म्हणाल, तर तेही पाहतो. साडेचार एकर, सोयाबीन आणि तूर.

आणि गोष्ट माझ्या एकट्याची नाही. २०२२ पासून पोरं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात. त्यातली फार तर २५ टक्के कायम होतील. बाकीची पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील, आणि त्यांना पेन्शन नाही. चार वर्षांनंतर एकरकमी मिळणारे सेवा निधीचे ११ लाख ७१ हजार घर बांधण्यात आणि बहिणीच्या लग्नात कसे जातात, हे कास्तकाराला मी सांगायला नको. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठानं त्यांच्यासाठी तीन वर्षांची पदवी ठेवली आहे. तिचे निम्मे श्रेयांक (क्रेडिट) फौजेतल्या प्रशिक्षणाचेच धरतात. उरलेले निम्मे पूर्ण करायला तुमच्या गावचं पोरगं बसलं, तर त्यालाही हेच विचारणार का?

राहिलं ‘पेन्शन खाऊन’. माझा बाप गेला तेव्हा मी सीमेवर होतो. घरी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. ते दोन शब्द मागे घ्या.