ड्राइव्ह-इनला जायचं, पण गाडीत बसायचं नाही

मे महिन्यात आमच्या ठाण्याच्या कट्ट्यावर एकच विषय. पोरांना सुट्ट्या, घरात धुडगूस, संध्याकाळी न्यायचं कुठे? तलावपाळी झाली, उपवन झालं, येऊर झालं. परवा मंग्याने बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, ड्राइव्ह-इनचं (गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर) काढलं आणि कटिंग येईपर्यंत दोन तट पडलेसुद्धा.

"मॉलच्या गच्चीवर आहे रे थिएटर. 290 गाड्या मावतात. उतरायची गरजच नाही. आवाज गाडीच्या रेडिओवर. पोरं रडली तरी शेजारचा वळून बघणार नाही."

"म्हणजे ज्या गाडीत मी दीड तास हायवेला अडकून येणार," सुजाता म्हणाली, "त्याच गाडीत अजून तीन तास बसायचं. वर त्याचं तिकीट काढायचं."

मंग्याने गाडी नवी घेतलीये, एवढं इथे सांगून ठेवतो. ती घेतल्यापासून तो भाजी आणायलासुद्धा चालत जात नाही.

देशपांडेकाका पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ते गच्चीवरचं आत्ताचं, 2021 च्या नोव्हेंबरमधलं. पण त्याच जागेवर आधी खरं ड्राइव्ह-इन होतं. जमिनीवरचं, सत्तरच्या दशकातलं. आम्ही तेव्हा बांद्रा पूर्वेला, सरकारी वसाहतीत. बीकेसी म्हणजे तेव्हा दलदल आणि डास. गाडी कुणाच्या बापाकडे होती? बिल्डिंगच्या गच्चीवर चढलं की लांबून पडदा दिसायचा, आवाज मात्र अजिबात नाही. मग संवाद आम्हीच म्हणायचो. चव्हाणांचा मधला मुलगा बायकांचे आवाज काढायचा."

"मग बंद का पडलं?"

"जागेपायी. शंभर माणसं बसवायला हॉलमध्ये किती जागा लागते आणि शंभर गाड्या उभ्या करायला किती, तूच सांग. त्यात धंदा रात्री दोन-तीन तासांचा. दिवसभर ते मैदान ऊन खात पडलेलं. बीकेसीत जमिनीला भाव आल्यावर असलं मैदान कोण ठेवेल? जमीन परवडेना, तेव्हा थिएटर गच्चीवर गेलं."

इथे अभ्या सरसावला. अभ्या न्यू जर्सीत एडिसनला असतो, दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात येतो आणि आल्या आल्या वडापाव खाऊन पोट बिघडवून घेतो. त्याचं म्हणणं, हा सगळा उद्योग मुळात त्याच्याच राज्यातला. आता तिथला कुणीही हे सांगणारच, पण या बाबतीत ते खरं आहे. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने 1933 च्या 6 जूनला कॅमडेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं, त्याचं पेटंटही घेतलं. तिकीट गाडीला पंचवीस सेंट आणि माणशी पंचवीस सेंट.

"त्या पेटंटात होतं काय? पडदा आणि गाड्या, एवढंच ना?" पाटलाने विचारलं.

"उतार होता. त्याने आधी घरच्या अंगणात सगळं करून पाहिलं. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर, झाडांना पडदा ठोकलेला. एकामागे एक गाड्या लावल्या तर मागच्याला पुढच्या गाडीचं टपच दिसतं. मग पुढच्या चाकांखाली ठोकळे घालून बघितलं, नाक किती वर केलं की टपावरून पडदा दिसतो. तसे मातीचे उतार त्याने मैदानभर केले. पावसात काचेतून कसं दिसेल ते बघायला बागेचे फवारे गाडीवर सोडले."

मला हा माणूस एकदम आवडला. आपल्याकडे असा माणूस सोसायटीत असता तर पाणी वाया घालवतो म्हणून सेक्रेटरीने नोटीस काढली असती. (सेक्रेटरी देशपांडेकाकाच आहेत, त्यामुळे हे मी मोठ्याने बोललो नाही.)

आवाजाचं मात्र त्या माणसाला नीट जमलं नव्हतं. कर्णे पडद्यापाशी होते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या गाडीत संवाद सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा उशिरा पोचणार. हिरोचे ओठ मिटले की मग त्याचं वाक्य. त्यात आजूबाजूच्या घरांची झोप मोडायची ती वेगळीच. पुढे प्रत्येक गाडीशेजारी खांब आणि खिडकीला अडकवायचा छोटा स्पीकर आला. लोक तो काढायला विसरून तसेच गाडी काढायचे, वायर तोडून. एफएम आलं तेव्हा ती कटकट संपली.

"संपली कुठे?" हे मी म्हणालो, कारण मंग्याची गाडी मी पाहिली आहे. "रेडिओ तीन तास लावून ठेव, बॅटरी झोपली तर ढकलायला आम्हीच. बरं, मे महिना. काच खाली केली तर घामाच्या धारा. काच वर केली तर एसी. एसी म्हणजे इंजिन चालू. इंजिन चालू म्हणजे तुझे ते पुढचे दिवसा जळणारे दिवे चालू, आणि पुढच्या गाडीवाल्याच्या आरशात तीन तास झगझगाट. तो उतरून येईल काचेवर टकटक करायला. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की विझतात, तुझ्यात विझतात का ते आधी बघ. आणि एसी लावून उभी गाडी तासाला जवळपास लिटरभर पेट्रोल पिते, ते धर तिकिटात."

"तू वकिली का नाही केलीस?" मंग्या म्हणाला.

पाटलाचा मुद्दा साधा होता. त्याच्याकडे बाइक आहे. "आमच्यासारख्याने काय करायचं? हेल्मेट घालून बघायचं? आमच्या पुसेगावच्या यात्रेत तंबू टॉकीज यायचं. ट्रकवर मशीन, जमिनीवर बसायचं, धूळ, मशीनची घरघर. कोण कशातनं आला ते कुणी विचारायचं नाही. बैलगाडीतनं आला तरी तिकीट तेच." यात्रा ऐन थंडीतली, म्हणून सगळे घोंगड्या घेऊन बसायचे, हेही त्याने सांगितलं. उन्हाळ्याच्या चर्चेत त्याचा उपयोग काय, असं मंग्याने विचारलं. पाटलाने उत्तर दिलं नाही, भजी घेतली.

मग सुजाताने अहमदाबादचं सांगितलं आणि माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता. तिची मावशी मणिनगरला. लहानपणी सुट्टीत गेली की एक रात्र ठरलेली, थलतेजचं सनसेट ड्राइव्ह-इन. 1973 चं, 665 गाड्यांचं. त्या रस्त्यालाच ड्राइव्ह-इन रोड म्हणतात, रिक्षावाल्याला बाकी काही सांगावं लागत नाही.

"पण तिथे गाडीत कोण बसतं?" ती म्हणाली. "गाडी लावली की डिकी उघडायची. सतरंज्या, चटया, गाद्या, कुणाची घडीची खाट. मावशी बंपरला उशी टेकवून त्याला पाठ लावून बसायची. थेपले, सुकी भाजी, छुंदा, ताकाची बरणी. मुलं पडद्यापुढे पळापळी करताहेत. दिवसभर बेचाळीस डिग्रीत भाजून निघाल्यावर रात्री तिथे मोकळ्यावर वारा लागायचा. सिनेमा कुठला होता हे मला एकाही वर्षाचं आठवत नाही. आम्ही मुलं मध्यंतरानंतर झोपायचो."

"तिथेपण असंच," अभ्या म्हणाला. जर्सीत आता एकच उरलंय, व्हाइनलँडला. 1949 चं, 1987 ला बंद पडलेलं, 2004 ला पुन्हा उघडलं. एडिसनहून दीड तास. "आम्ही गाडी उलटी लावतो. डिकी पडद्याकडे, मागची सीट पाडून गादी, पोरं त्यात, आम्ही बाहेर खुर्च्या टाकून. फक्त जूनमध्ये काळोख पडायला नऊ वाजतात. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ना, ड्राइव्ह-इनवाले त्याच्या नावाने किती वर्षं बोटं मोडत होते. दोन सिनेमे बघून घरी यायला तीन."

म्हणजे बघा. जिथे हे प्रकरण टिकलं, तिथे गाडी सामान वाहायला आणि टेकायला आहे. माणसं खाली उतरलेली असतात. अमेरिकेत अठ्ठावन्नच्या सुमारास चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती, आता तीनशेच्या आसपास. जागा महागली, टीव्ही आला, पुढे रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर घ्यायची वेळ आली तेव्हा अनेकांनी दुकान गुंडाळलं. जी राहिली ती निव्वळ सिनेमासाठी राहिली असतील असं मला वाटत नाही. चित्र म्हणून बघाल तर हॉलमधला पडदा कधीही सरस. एवढ्या मोठ्या पडद्यावर उजेड पातळ होतो, वर चांदणं, शहराचा झगमगाट. काळोखातला प्रसंग असला की नुसते आवाज ऐकायचे. बीकेसीत चारी बाजूंना काचेच्या इमारती रात्रभर पेटलेल्या, तिथे चोर-पोलिसांची अंधारातली मारामारी लागली तर कोण कुणाला मारतंय ते देव जाणे.

मंग्याला हे पटलं नाही. त्याच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, ती नाकारत नाही. त्याच्या आईचे गुडघे गेलेत. मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या तिला होत नाहीत, अंधारात तर नाहीच. गाडीत ती आरामात बसेल, मध्येच डोळा लागला तर लागला. धाकटा दीड वर्षाचा, त्याला घेऊन हॉलमध्ये गेलं की एकाने सिनेमाभर बाहेर फेऱ्या मारायच्या. "तुम्हाला सतरंजी पाहिजे, मला दार पाहिजे," असं तो म्हणाला, आणि त्यावर सुजाताही क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण पुढच्या सीटवर आई बसणार ना? मग तू आणि वहिनी मागे, आणि समोर हेडरेस्ट. त्यातून बघ सिनेमा."

पाटलाने शेवटी आपलं घोडं पुढे दामटलं. गणपतीत रस्त्यात पडदा लावायचे तसा आपल्या गच्चीवर लावू. पडद्याच्या मागे बसायला मिळालं की हिरो डावखुरा दिसायचा, आठवतंय? प्रोजेक्टर अभ्याच्या भावाच्या ऑफिसातून.

"किल्ली माझ्याकडे आहे," देशपांडेकाका म्हणाले, "पण दहाला आवाज बंद."

"अंधार पावणेआठला पडतो," सुजाताने हिशेब केला. "सव्वादोन तास. मराठीच लावा, आटपतो त्यात."

"आणि मध्यंतर?"

"मध्यंतरात पन्हं. काकूंच्या हातचं. काका, सांगा घरी."

काकांनी मान डोलावली. गुडघ्यांसाठी लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते, वरचा एकच जिना, दोघांनी हात धरला की आई येतील, हेही ठरलं. अभ्याने सतरंज्यांची यादी सुरू केली.

मंग्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "पण मग गाडी?"